आरोग्य योजनेचा पैसा आटतो तेव्हा : जळगाव-धुळ्यातील गरीब रुग्ण आणि आपली जबाबदारी

"कार्ड शे, तरीबी पैसा मांगतस."

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रुग्णांसोबत काम करताना हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. बोलणारा कधी रावेरच्या केळीच्या बागेतला मजूर असतो, कधी जळगावच्या एमआयडीसीतला डाळ मिलचा हमाल, कधी साक्रीकडून ऊसतोडीला जाणारं कुटुंब. कार्ड खरं असतं, योजना खरी असते, आजारही योजनेत बसणारा असतो. तरीही बेड मिळत नाही किंवा मिळाला तर डिपॉझिट मागितलं जातं. कुठेतरी पैसा अडलेला असतो आणि त्याची झळ सगळ्यात शेवटच्या माणसाला बसते.

आपल्या वस्त्यांमधल्या तरुण कार्यकर्त्यांना रात्री-बेरात्री दवाखान्यातून फोन येतात. अशा वेळी योजना काय आहे, पैसा कुठून कुठे जातो, तो कसा आटतो आणि आपण कुठे बोट ठेवायचं, हे माहीत असलं पाहिजे. त्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

योजना कशी घडत गेली

महाराष्ट्रात गरिबांसाठी १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना त्यातून मदत मिळे. पण अर्ज, शिफारस, मंत्रालयाच्या फेऱ्या यातच अनेकांचा वेळ जाई.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आपलं धुळे. म्हणजे धुळे जिल्हा या योजनेच्या पहिल्या आठांत होता. शेजारच्या जळगावला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा योजना राज्यभर लागू झाली. पिवळं आणि केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत मोफत उपचार असं तिचं स्वरूप होतं. सरकार प्रत्येक कुटुंबामागे विमा कंपनीला वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरत होतं.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. तिची मर्यादा पाच लाख रुपये, पण लाभार्थी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीतून निवडलेले. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीमार्फत, हप्ता प्रति कुटुंब ७९७ रुपये, आणि केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांचा त्यावरचा पाच लाखांपर्यंतचा खर्च राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत, अशी विभागणी होती.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मोठा विस्तार जाहीर झाला. पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण, १,३५६ उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख, रुग्णालयांची संख्या सुमारे हजारावरून १,९०० पर्यंत. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला, म्हणजे निर्णय आणि अंमल यांत जवळपास एक वर्ष गेलं. खानदेशासाठी या विस्ताराचं वेगळं महत्त्व होतं. त्याआधी पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना फक्त मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत योजना लागू होती. मुक्ताईनगरच्या पलीकडचा बुलढाण्यातला शेतकरी त्यात होता, मुक्ताईनगरचा नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उपचारांची यादी २,३९९ पर्यंत वाढवली.

कागदावर योजना अशी सतत वाढत गेली आहे. मग कपात कुठे आहे?

पैसा कसा फिरतो

रुग्ण दाखल होतो. रुग्णालयातला आरोग्यमित्र कार्ड आणि ओळखपत्र पाहून नोंद करतो. डॉक्टर तपासण्या लावून पूर्वमंजुरी मागतात. मंजुरी आली की उपचार होतात, डिस्चार्जनंतर रुग्णालय ठरलेल्या पॅकेजचा दावा पाठवतं आणि छाननी होऊन पैसे मिळतात. खोली, डॉक्टर, भूल, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं.

दावे कोण भागवतं यावरून दोन पद्धती पडतात. विमा पद्धतीत सरकार हप्ता भरतं आणि कंपनी दावे देते. हमी पद्धतीत सरकारची सोसायटी स्वतः दावे देते. विमा पद्धतीत कंपनीचा फायदा दावे नाकारण्यात किंवा कापण्यात असतो. हमी पद्धतीत तिजोरीत पैसा नसला की दावे पडून राहतात. केंद्राच्या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. त्यामुळे एका बाजूचा हात आखडला तर दुसऱ्या बाजूलाही ओढाताण होते.

कपातीच्या पाच वाटा

"आम्ही गरिबांच्या आरोग्याचा निधी कापला" असं कोणतंही सरकार जाहीर करत नाही. म्हणून कपात ओळखायला शिकावं लागतं.

पहिली वाट सुधारित अंदाजाची. अर्थसंकल्पात मोठा आकडा जाहीर होतो आणि वर्षाच्या शेवटी तो खाली आणला जातो. केंद्राने प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेसाठी २०१९-२० मध्ये ६,४०० कोटी रुपये धरले, सुधारित अंदाज ३,२०० कोटी. २०२०-२१ मध्ये पुन्हा ६,४०० कोटी, सुधारित ३,१०० कोटी. २०२३-२४ मध्ये ७,२०० कोटींचे ६,८०० कोटी झाले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीला काही राज्यं योजनेत नव्हती, कोविडमध्ये नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या होत्या, आणि २०२५-२६ साठी तरतूद ९,४०६ कोटी केली गेली. पण ज्या वर्षांत लोक सगळ्यात जास्त आजारी होते, त्याच वर्षांत गरिबांच्या विम्याचा निम्मा पैसा खर्चच झाला नाही, ही वस्तुस्थिती राहते.

दुसरी वाट थकबाकीची. तरतूद तशीच राहते, पण रुग्णालयांचे दावे महिनोन्महिने पडून राहतात. पंजाबात सप्टेंबर २०२४ मध्ये खासगी रुग्णालयांनी थकबाकीमुळे आयुष्मानची कॅशलेस सेवा थांबवली. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये तेच झालं. महाराष्ट्रातही खासगी डॉक्टरांच्या संघटनांची उशिराच्या देयकांबद्दल जुनी तक्रार आहे. मोठं रुग्णालय चार-सहा महिने कळ काढू शकतं. तालुक्याच्या गावातलं वीस-तीस खाटांचं रुग्णालय काढू शकत नाही, आणि गरिबाला जवळचं असतं ते हेच.

तिसरी वाट दरांची. महागाई वाढते, पॅकेजचे दर बरीच वर्षं तसेच राहतात. मग रुग्णालय फायद्याची पॅकेजं घेतं, तोट्याच्या आजाराच्या रुग्णाला "मोठ्या दवाखान्यात न्या" सांगतं, किंवा "योजनेत साधं इम्प्लांट बसतं, चांगलं हवं असेल तर वरचे पैसे भरा" म्हणतं. योजनेत असे वरचे पैसे घेण्याला परवानगी नाही. तरी चिंतेत असलेलं कुटुंब वाद घालत नाही, पैसे भरतं.

चौथी वाट राखीव उपचारांची. शंभरहून अधिक उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. खासगीतल्या अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण ज्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात त्या शाखेचा डॉक्टर, यंत्र किंवा भूलतज्ज्ञ नसतो, तिथे राखीव उपचार म्हणजे प्रत्यक्षात न मिळणारा उपचार ठरतो.

पाचवी वाट कागदांची. ई-केवायसी झालेली नाही, आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं, सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात, आजीच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. यातल्या प्रत्येक अडचणीत सरकारचा एक दावा वाचतो. देशाच्या महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात एकाच मोबाईल क्रमांकावर जवळपास साडेसात लाख लाभार्थी नोंदल्याचं दाखवून दिलं. घोळ घालणारी यंत्रणा सुटते आणि तो घोळ निस्तरण्यासाठी आणलेली पडताळणी गरिबालाच अडवते.

या पाच वाटांच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने सरकारचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट खरी आहे. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही कुटुंबच भरतं.

खानदेशात काय होतं

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांहून अधिक आणि धुळ्याची साडेवीस लाख. धुळ्यात जवळपास ३२ टक्के आदिवासी. जळगावात पंधरा तालुके, धुळ्यात चार. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं चक्करबर्डीचं रुग्णालय आहे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जुनं सिव्हिल त्याला जोडलं गेलं. या दोन रुग्णालयांवर दोन्ही जिल्ह्यांचा भार आहे, शिवाय धुळ्यावर नंदुरबारचाही.

इथे एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून सगळं मोफत झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात आली. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना मात्र तो निर्णय लागू नव्हता. म्हणजे जामनेरच्या किंवा मुक्ताईनगरच्या माणसाला गावाजवळ मोफत आणि जळगावला सिव्हिलमध्ये गेल्यावर तपासणीचे पैसे, असा अनुभव येतो. लोकांना विभागातला फरक कळत नाही, आणि तो कळलाच पाहिजे असंही नाही.

आमच्या कामातला एक अनुभव सांगतो. रावेर तालुक्यातल्या एका केळी कामगाराच्या छातीत दुखू लागलं. रावेरहून जळगाव सुमारे सत्तर किलोमीटर. दोन खासगी रुग्णालयांनी "योजनेचं सध्या बंद आहे" असं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटल्यावर कोणी दिलं नाही. बायकोने गळ्यातलं मोडलं, बचत गटातून उचल घेतली, आणि पैसे भरताच त्याच संध्याकाळी त्यातल्याच एका ठिकाणी बेड मिळाला. माणूस वाचला. पण पुढचं वर्षभर त्या घराने हप्ते फेडले, आणि मोठ्या मुलीची बारावीनंतरची फी त्यातच गेली. सरकारी नोंदीत या कुटुंबाने योजनेचा लाभ "घेतला नाही". निधी शिल्लक राहिला असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा त्या शिलकेत अशी घरं असतात.

असे परिणाम आम्हाला चार प्रकारांत वारंवार दिसतात.

एक, कर्ज. मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला असतो, मजुरी रोज मिळेलच असं नसतं. आजारपणाचं कर्ज फेडायला दुसरं कर्ज निघतं.

दोन, उशीर. "योजना सुरू झाली की करू" म्हणून हर्निया, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, मुतखडा पुढे ढकलला जातो. स्त्रियांचं दुखणं सगळ्यात जास्त पुढे ढकललं जातं. शेवटी तातडीची वेळ येते तेव्हा खर्चही वाढलेला असतो आणि धोकाही.

तीन, प्रवास. कर्करोगाचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला जातो. जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. उपचार मोफत झाला तरी सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, राहणं, खाणं कोणत्याही पॅकेजमध्ये पुरेसं धरलेलं नसतं. किमोथेरपीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर येणं बंद होतं ते बऱ्याचदा याच कारणाने.

चार, रोजचं औषध. योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल यांची रोजची गोळी त्यात येत नाही. सिकलसेल आदिवासींमध्ये आढळतो तसा विदर्भातल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळलेला आहे. त्यामुळे खानदेशातल्या आपल्या वस्त्यांनीही तपासणीबाबत जागं राहिलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या की रुग्ण त्या थांबवतो आणि पुढे दाखल होतो. विम्याकडे पैसा वळवताना दवाखान्याच्या औषधाचा पैसा कमी पडला, तर विम्याचाच खर्च वाढतो.

स्थलांतराचा प्रश्न वेगळा. धुळे-नंदुरबारची हजारो माणसं सुरतेला काम करतात. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं कार्ड देशभर चालतं, राज्याची मूळ योजना महाराष्ट्रापुरती आखलेली आहे. आपलं कार्ड कोणत्या यादीतलं आहे, हे घर सोडण्याआधी १४५५५ वर विचारून घ्यावं.

बौद्ध कुटुंबांनी काय तपासावं

केंद्राच्या यादीसाठी ग्रामीण भागात काही निकष होते. कच्च्या एकाच खोलीत राहणारं कुटुंब, कमावता पुरुष नसलेलं कुटुंब, भूमिहीन मजूर कुटुंब, आणि अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब असणं हा त्यातलाच एक निकष. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तरी पाहणी करणाऱ्याने एखाद्या कुटुंबाची नोंद फक्त "बौद्ध" अशी करून जातीचा रकाना चुकवला असेल, तर ते कुटुंब या निकषातून सुटतं. राज्याच्या विस्तारानंतर उपचारासाठी हा फरक कमी झाला, पण धडा कायम आहे. जनगणना २०२७ मध्ये जातींची नोंद होणार आहे. धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित जातीच्या यादीतली, दोन्ही रकाने अचूक भरले जातील याची मोहीम प्रत्येक विहारातून चालली पाहिजे. पुढच्या अनेक योजनांच्या याद्या आणि तरतुदी याच आकड्यांवर ठरतील.

निधीवर लक्ष ठेवणं हेही आपलंच काम आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे मिळू नयेत असं आपलं म्हणणं नाही, त्यात आपल्याही बहिणी आहेत. पण एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात वाढणं हे कल्याणकारी राज्याचं काम नव्हे. जे या विभागांत झालं ते आरोग्यात होणार नाही, याची हमी कोणी दिलेली नाही.

जगात काय चाललं आहे

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य विमा योजना आहे. ४ जुलै २०२५ रोजी तिथे झालेल्या कायद्याने तिच्या खर्चात मोठी कपात केली आणि अनेक प्रौढ लाभार्थ्यांना महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवण्याची अट घातली. तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातही गरिबाला बाहेर काढण्यासाठी कागदांचा वापर होतो. काम करणारा माणूसही दाखला वेळेत न दिल्यामुळे बाद होतो. आपल्याकडच्या ई-केवायसीच्या रांगा पाहताना हे लक्षात ठेवावं.

देशातच वेगळं उदाहरणही आहे. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी पैशासाठी अडवता येणार नाही, हे त्यात कायद्याने मान्य केलं. योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयाने बदलते. कायद्याचा हक्क तितक्या सहज काढून घेता येत नाही.

आपला वारसा काय सांगतो

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग त्यांनी इतर भिक्खूंना विचारलं, याची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर मिळालं की तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. त्यावर तथागतांनी संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याचा नियम घालून दिला. आज दावा थकलेला, दर परवडत नसलेला रुग्ण व्यवस्थेला असाच निरुपयोगी वाटतो. आपल्या धम्मात मात्र शुश्रूषेला उपयोगाची अट नाही.

बाबासाहेबांनी याला राज्याच्या रचनेत जागा दिली. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा व्यवसाय पूर्णपणे राज्याच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा जीवन विमा सक्तीचा असावा असं मांडलं. विमा त्यांच्या दृष्टीने बाजारातला माल नव्हता, सामाजिक सुरक्षेचं साधन होतं.

न्यायालयानेही हे मान्य केलं आहे. पश्चिम बंगालमधले हकीम शेख हे शेतमजूर संघटनेचे सभासद १९९२ मध्ये रेल्वेतून पडून गंभीर जखमी झाले. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. पुढच्या वेळी "निधी नाही" असं उत्तर मिळालं तर हा निकाल आपल्या निवेदनात असला पाहिजे.

कार्यकर्त्यांसाठी प्रत्यक्ष उपयोगी माहिती

घरात कोणी आजारी नसतानाच प्रत्येक सदस्याचं आयुष्मान कार्ड काढून घ्यावं. नाव, जन्मतारीख, रेशन कार्ड आणि आधार जुळतात का ते पाहावं. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचं वेगळं कार्ड मिळतं. वस्तीतल्या सगळ्या आजी-आजोबांचं ते झालं पाहिजे.

रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावं, मग पैशाचं बोलावं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरीची सोय आहे, कागद नंतर देता येतात.

"योजना बंद", "बेड भरले", "कोटा संपला" असं सांगितलं तर लेखी मागावं. लेखी देत नसतील तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करून क्रमांक घ्यावा. सांगणाऱ्याचं पद, तारीख, वेळ वहीत नोंदवावी. आपली तक्रार भांडणाने टिकत नाही, नोंदीने टिकते.

घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. योजनेतल्या उपचारासाठी पैसे घेतले असतील तर परत मागता येतात. जिल्हा समन्वयकाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा.

योजना लागू नसेल तर पुढचे मार्ग पाहावेत. धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय मदत कक्ष आहे. महामार्ग ५३ दोन्ही जिल्ह्यांतून जातो आणि अपघात रोजचे आहेत. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा कॅशलेस उपचार मिळतो. कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांनी आपला कर्मचारी राज्य विमा भरला जातो का ते मालकाला विचारावं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात.

दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला हजारो माणसं येतात. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे थांबले होते. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कार्ड दुरुस्तीचा आणि तक्रार लिहून देण्याचा एक टेबल लागावा, असं आम्हाला वाटतं. वर्षावासात प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवला तरी वस्तीतली बहुतेक कार्डं ठीक होतील.

आपण काय मागायचं

रुग्णालयांचे दावे ठरलेल्या मुदतीत भागवावेत आणि जिल्हानिहाय किती दावे थकले आहेत हे दर महिन्याला जाहीर करावं. कोणत्या रुग्णालयात योजना चालू आणि कुठे थांबली, याचा फलक सिव्हिलच्या दारात लावावा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही केस पेपर आणि तपासण्या मोफत कराव्यात. राखीव उपचार ठेवायचे असतील तर त्यासाठी लागणारे डॉक्टर आणि यंत्रं जळगाव-धुळ्यात आधी द्यावीत. नाकारलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवावी, म्हणजे शिल्लक निधीच्या मागची माणसं दिसतील. आणि महाराष्ट्राने आरोग्याच्या हक्काचा कायदा करावा.

या सगळ्यासाठी आपल्याकडे पुरावा हवा. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन तरुणांनी सहा महिने फक्त नोंदी ठेवल्या, तारीख, आजार, काय सांगितलं, किती पैसे घेतले, तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर आणि गरज पडल्यास न्यायालयासमोर ठेवायला आपल्याकडे ठोस कागद असतील. बाबासाहेबांनी प्रत्येक लढा आधी कागदावर भक्कम केला होता. रावेरच्या त्या ताईच्या हातात फक्त मोडलेल्या दागिन्याची सोनाराची चिठ्ठी होती. पुढच्या कुटुंबाच्या हातात तक्रारीचा क्रमांक असावा आणि सोबत आपला माणूस असावा, एवढं काम आपल्याला करता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!